पंपाने पोराची उंची खुंटते का? मोजायची कशी, पंप द्यायचा कसा आणि घाबरायचं कधी

जानेवारीतली गोष्ट, इंदूरला आमच्या सुदामा नगरातच एकीकडे हळदीकुंकवाला गेले होते, आणि वाण हातात ठेवता ठेवता ओळखीच्या एक काकू म्हणाल्या, "अगं, तुझा मुलगा अजून पहिलीतल्यासारखाच दिसतो गं, तो दम्याचा पंप चालूच आहे का? बंद कर बाई, स्टेरॉइड असतं त्यात, उंची खुंटते." झालं. घरी येऊन मी आधी शाळेचा ग्रुप फोटो काढला, त्यात चिरंजीव पुढच्या रांगेत, मग त्याला स्वयंपाकघराच्या चौकटीला उभं केलं, मग गूगल केलं, आणि त्या रात्रीपासून पंप बंद. डॉक्टरांना विचारलं नाही, ह्यांना पण नाही सांगितलं. तेव्हा तो आठ वर्षांचा होता.

दोन महिने काहीच झालं नाही आणि हेच फसवं असतं, कारण रोजचा पंप बंद केला की दुसऱ्या दिवशी दम लागत नाही, आतली सूज हळूहळू परत येते आणि आपल्याला वाटतं बघा, उगीचच देत होतो. मग आली रंगपंचमी. इंदूरबाहेरच्यांसाठी सांगते, आमच्याकडे राजवाड्याला गेर निघते, टँकर आणि मोठी मशीनं लावून पार वरच्या मजल्यांपर्यंत रंग आणि गुलाल उडवतात, सगळं आभाळ गुलाबी होतं, बघण्यासारखं असतं, आणि दम्याच्या पोराला घेऊन जायला याहून वाईट जागा नाही. आम्ही गेलो. रात्री दोन वाजता छातीतून शिट्ट्या, गळ्याखाली खड्डा पडतोय, बरगड्यांमधली कातडी आत ओढली जातेय, "आई पाणी" एवढं पण एका दमात बोलता येईना. मग ऑक्सिजन, नेबुलायझर आणि घरी येताना पाच दिवसांच्या स्टेरॉइडच्या गोळ्या.

डॉक्टरबाईंनी रागावण्याऐवजी प्रिस्क्रिप्शनच्या मागे हिशोब मांडला. पंपातून रोज जायचे २०० मायक्रोग्रॅम. आता गोळीतून रोज ३० मिलिग्रॅम, म्हणजे ३०,००० मायक्रोग्रॅम. दोन्ही औषधं वेगळी आहेत, पंपातलं थोड्या मात्रेतच जास्त काम करणारं असतं त्यामुळे सरळ दीडशे पट म्हणता येत नाही, पण मुद्दा कळला ना, पंपाचं औषध मुख्यतः फुप्फुसात काम करतं आणि त्यातलं थोडंच रक्तात उतरतं, गोळीचं सगळ्या अंगात फिरतं, हाडांत पण. ज्याला घाबरून पंप बंद केला तेच मी पोराच्या पोटात घालत होते, ते पण कितीतरी जास्त.

त्या दिवसापासून मी जे जे शिकले, विचारलं, वह्या भरल्या ते सगळं एकत्र लिहितेय. डॉक्टरला पर्याय म्हणून नाही, डॉक्टरकडे जाताना हातात काहीतरी ठोस असावं म्हणून.

काकू खोटं बोलत नव्हत्या, अर्धं बोलत होत्या

पंपातलं स्टेरॉइड (बुडेसोनाइड, फ्लुटिकासोन, बेक्लोमेथासोन वगैरे) उंचीवर थोडा परिणाम करतं हे खरंच आहे आणि जे डॉक्टर "काहीच होत नाही हो" म्हणून उडवून लावतात ते मला आवडत नाहीत, कारण मग आई गूगल करते आणि विश्वास उडतो. प्रश्न आहे किती, याचा.

अमेरिकेत कॅम्प नावाचा मोठा अभ्यास झाला, ५ ते १२ वर्षांची १,०४१ दम्याची मुलं, काहींना रोज ४०० मायक्रोग्रॅम बुडेसोनाइड चार ते सहा वर्षं, काहींना नुसतं खोटं औषध, म्हणजे तुलनेसाठी. मग ती मुलं मोठी होईपर्यंत त्यांचा पिच्छा पुरवला आणि सरासरी पंचविशीत असताना ९४३ जणांची उंची मोजली. २०१२ साली निकाल छापून आला: बुडेसोनाइडवाले सरासरी १७१.१ सेंमी, खोटं औषधवाले १७२.३. फरक १.२ सेंमी. करंगळीच्या नखापेक्षा किंचित जास्त. आणि हा फरक मुख्यतः पहिल्या दोन वर्षांतच पडला, वयात न आलेल्या मुलांमधे, पुढे दरवर्षी वाढत नाही गेला. म्हणजे "पाच वर्षं पंप तर पाच सेंमी गेले" असं गणित नाहीये. पण तो एक सेंमी नंतर भरून पण निघाला नाही, हे पण तितकंच खरं.

२०१४ मधे पंचवीस चाचण्या, आठ हजारांच्या वर मुलं, असं सगळं एकत्र करून बघितलं त्यात कमी ते मध्यम डोसला पहिल्या वर्षात साधारण अर्धा सेंमी कमी वाढ दिसली. आणि २००० सालचा डेन्मार्कचा एक अभ्यास आहे, त्यात सरासरी नऊ वर्षं बुडेसोनाइड घेतलेली मुलं आईवडिलांच्या उंचीवरून जेवढी व्हायला हवी तेवढीच झाली. थोडं इकडे तिकडे, पण सगळं एका सेंमीच्या आसपास.

आता दुसरं पारडं बघा. दमा कंट्रोलमधे नसेल तर तो स्वतःच उंची अडवतो. वाढीचं हार्मोन मुख्यतः गाढ झोपेत सुटतं, आणि पोरगं रात्री तीनदा खोकत उठतंय. दम लागलेलं मूल जेवत नाही, श्वास घ्यायलाच जास्त ताकद खर्च होते, खेळत नाही, अंगात सतत सूज असते. वर दर दोन महिन्यांनी अटॅक आणि दर अटॅकला गोळीचा कोर्स. वर्षातून असे चार-पाच कोर्स झाले की उंचीचं आणि हाडांचं खरं नुकसान तिथे होतं. पंप हा त्या गोळ्या टाळण्यासाठीच असतो.

आमच्या चौकटीवर त्या वर्षाच्या दोन रेघा एकमेकींना जवळजवळ चिकटलेल्या आहेत. मी डॉक्टरबाईंना दाखवलं तर म्हणाल्या, एका मुलाच्या एका वर्षावरून काही सिद्ध होत नाही. असेल. मला मात्र ती जागा बघितली की पोटात गोळा येतो.

मोजायचं कसं, कारण निम्मी भीती चुकीच्या मोजण्यातून येते

पेन्सिल आडवी डोक्यावर ठेवून रेघ मारायची ही आपली पद्धत, त्यात दोन सेंमीची चूक आरामात होते. पेन्सिल जरा तिरकी झाली की संपलं.

जागा अशी निवडा जिथे खाली स्कर्टिंगची पट्टी नाही आणि फरशी सपाट आहे, म्हणून चौकट बरी पडते. कपड्यांची टेप नको, ती ताणली जाते, सुताराकडची स्टीलची टेप घ्या आणि भिंतीला उभी चिकटवून टाका. मूल अनवाणी, मोजे पण नको. मुलगी असेल तर अंबाडा, पोनी, क्लिप सोडायची. टाचा, ढुंगण, पाठीचा वरचा भाग टेकलेला, गुडघे सरळ. मान वर करून नाही, समोर बघायचं, कानाचं भोक आणि डोळ्याखालचं हाड एका आडव्या रेषेत यायला हवं. मग डोक्यावर पुस्तक नाही तर खोकं ठेवायचं, बुटांचं रिकामं खोकं मस्त काम करतं, त्याची एक बाजू भिंतीला पूर्ण चिकटली की आपोआप काटकोन होतो. केस दाबायचे, खोक्याच्या खालच्या कडेला खूण. मूल बाजूला करा, परत उभं करा, परत मोजा, असं तीनदा, आणि सरासरी. तिन्ही वेळा अर्ध्या सेंमीच्या वर फरक येत असेल तर चूक आपली आहे, पोराची नाही.

वेळ नेहमी एकच ठेवा. सकाळी उठल्यावर माणूस संध्याकाळपेक्षा जवळपास एक सेंमी उंच असतो, मणक्यातल्या चकत्या दिवसभरात दबतात. म्हणजे एकदा सकाळी आणि पुढच्या वेळी रात्री मोजलं तर पंपाने कमी केलेली अख्खी उंची तुम्ही एका दिवसात "घालवलीत". दोन वर्षांच्या आतल्या बाळांना आडवं झोपवून मोजतात, आणि आडवी लांबी उभ्या उंचीपेक्षा साधारण ०.७ सेंमी जास्त येते, त्यामुळे दुसऱ्या वाढदिवसानंतर पहिल्यांदा उभं मोजलं आणि बाळ "कमी झालं" तर दचकू नका.

दर महिन्याला मोजू नका. प्लीज. मी ते केलंय, वेड लागायची वेळ येते. सहा महिन्यांनी एकदा बास. आमच्याकडे गुढीपाडवा आणि दसरा ठरलेले आहेत, सकाळी अंघोळ झाली की पूजेच्या आधी मोजायचं, तारीख पण लक्षात राहते आणि सासूबाईंना पण ते शुभ वाटतं. फक्त तिथी सरकतात हे धरून चाला, २०२५ मधे ३० मार्च ते २ ऑक्टोबर म्हणजे सहा महिने झाले, २०२६ ला अधिक महिना असल्यामुळे १९ मार्च ते २० ऑक्टोबर, म्हणजे सात. भागाकार त्याप्रमाणे करायचा.

हिशोब

नुसती उंची किती आहे यापेक्षा वर्षाला किती वाढतेय हे बघायचं. समजा पाडव्याला ११८.४ होती, दसऱ्याला १२१.०, म्हणजे सहा महिन्यांत २.६, वर्षाचे ५.२. ठीक. पहिल्या वर्षात बाळ साधारण २५ सेंमी वाढतं, दुसऱ्यात १२ च्या आसपास, मग कमी होत होत चार-पाच वर्षांपासून वयात येईपर्यंत वर्षाला ५ ते ६. सतत ५ च्या खाली रेंगाळत असेल तर डॉक्टरांच्या कानावर घाला, ४ च्या खाली असेल तर पुढच्या दसऱ्याची वाट बघू नका.

आणि मूल कोणाचं आहे हे पण बघा की! आमचे हे पाच फूट पाच इंच, मी पाच फूट, आणि मी शाळेच्या फोटोत शर्मांच्या मुलाशी तुलना करत होते ज्याचे वडील दारातून वाकून आत येतात. यासाठी एक सोपं सूत्र आहे. आई आणि बाबांची उंची सेंमीत घेऊन बेरीज करा, मुलगा असेल तर १३ मिळवा, मुलगी असेल तर १३ वजा करा, आणि दोनाने भागा. बाबा १७०, आई १५५ असतील तर मुलाचे १६९, मुलीचे १५६. याच्या वर-खाली साधारण आठ सेंमीत मूल कुठेही बसू शकतं. आठ सेंमी! आणि आपण पंपाच्या एका सेंमीवरून रात्रभर जागतो.

हे सगळं ग्रोथ चार्टवर टाकायचं. पाच वर्षांच्या वर भारतीय बालरोग संघटनेचे, म्हणजे आयएपीचे २०१५ चे चार्ट वापरतात, पाचच्या आत डब्ल्यूएचओचे. बालरोगतज्ज्ञांकडे असतातच, एक झेरॉक्स मागून घ्या. मूल कुठल्या रेषेवर आहे याने फार फरक पडत नाही, ते आपल्या रेषेला धरून चाललंय का हे बघायचं. खालच्या रेषेवर शांतपणे चालणारं मूल ठीक असतं, वरच्या रेषेवरून दोन रेषा घसरलेलं मूल दिसायला उंच असलं तरी दाखवायला हवं.

वजन पण त्याच दिवशी लिहा, खूप सांगून जातं. उंची थांबली आणि वजन वाढतंय, गाल गोल होतायत, तर स्टेरॉइड जास्त होतंय का किंवा थायरॉइड आहे का हे डॉक्टर बघतील. उंची आणि वजन दोन्ही थांबलं असेल तर दम्याच्या माथी मारून मोकळं होऊ नका, ॲनिमिया, टीबी, आणि आपल्याकडे माळव्यात दोन्ही वेळ गहूच खातात तर सीलिएक, म्हणजे गव्हातलं ग्लुटेन न सोसणं, हे पण तपासायला लागतं.

पंप असा द्या की कमीत काम होईल

उंची वाचवायचा सगळ्यात स्वस्त उपाय हाच आहे आणि यावर कोणी बोलत नाही. पंप चुकीचा दिला की औषध घशात चिकटतं, फुप्फुसात जात नाही, दमा आटोक्यात येत नाही, मग डॉक्टर डोस वाढवतात. आम्ही पहिलं दीड वर्ष स्पेसरशिवाय सरळ तोंडात मारत होतो, कारण मेडिकलवाल्या भैयांनी पंप दिला, स्पेसर दिला नाही, आणि आम्ही मागितला नाही.

स्पेसर म्हणजे ती प्लास्टिकची नळी. चार-पाच वर्षांच्या आतल्यांना मास्क लावून, त्याहून मोठ्यांना नुसतं तोंडात धरून. मूल बसलेलं किंवा उभं. पंप नीट हलवा, स्पेसरला लावा, श्वास सोडायला सांगा, ओठ घट्ट, एकदाच दाबा, आणि हळू खोल आत घ्यायला सांगा. मनात दहा आकडे होईपर्यंत रोखायचा. नाही जमत? मग स्पेसरमधूनच पाच-सहा साधे श्वास, चालतं. दुसरा पफ असेल तर अर्धा-एक मिनिट थांबून, परत हलवून. दोन पफ एकदम स्पेसरमधे मारायचे नाहीत, हे आम्ही शाळेची रिक्षा आली की हमखास करायचो. मास्क लावताना मूल रडत असेल तर औषध फारसं आत जात नाही, रडणं थांबू द्या.

झाल्यावर चूळ भरून थुंकायची, गिळायची नाही. त्याने तोंडात पांढरे डाग येत नाहीत आणि घशात राहिलेलं औषध पोटात जाऊन रक्तात उतरत नाही. मी पंप ब्रशच्या स्टँडशेजारीच ठेवते, आधी पंप, मग दात घासणं, वेगळी आठवण करायलाच नको. मास्कवाल्यांनी तोंड पण पुसा.

स्पेसर आठवड्यातून एकदा कोमट पाण्यात भांड्याच्या साबणाने बुडवून काढा आणि तसाच निथळू द्या. फडक्याने पुसायचा नाही, पुसला की प्लास्टिकवर स्थिर वीज तयार होते आणि औषध भिंतींना चिकटतं. पंप संपला का हे पाण्यात तरंगवून बघायचं नाही, ते चुकीचं आहे, मागचा काउंटर बघा, काउंटर नसेल तर डब्यावर सुरू केल्याची तारीख लिहा आणि भागाकार करा.

आणि निळा पंप वेगळा, रोजचा वेगळा, हे घरात सगळ्यांना पाठ पाहिजे. निळा साल्बुटामॉलचा, लगेच श्वास मोकळा करणारा, त्यात स्टेरॉइड नसतं. आमच्याकडे आजोबा "आराम पडला ना" म्हणून निळाच देत बसायचे आणि रोजचा "स्टेरॉइडवाला" लपवून ठेवायचे, प्रेमानेच, पण उलटं.

डोस कमी करून घ्यायचा, बंद करायचा नाही

डॉक्टरकडे जाण्याआधी गेल्या चार आठवड्यांचे चार प्रश्न स्वतःला विचारा. दिवसा आठवड्यातून दोनदापेक्षा जास्त वेळा खोकला किंवा घरघर झाली का (पाच वर्षांच्या आतल्या मुलांना एकदापेक्षा जास्त)? रात्री दम्याने जाग आली का, एकदाही? निळा पंप आठवड्यातून दोनदापेक्षा जास्त लागला का (पाचच्या आत इथे पण एकदापेक्षा जास्त)? खेळताना थांबावं लागलं का? चारही "नाही" असतील तर दमा आटोक्यात आहे, आणि असं तीन महिने टिकलं तर तुम्ही स्वतः विचारा, "मॅडम, डोस एक पायरी उतरवता येईल का?" विचारायला लाजू नका. गर्दीच्या ओपीडीत मागचंच प्रिस्क्रिप्शन "कंटिन्यू" होत राहतं आणि पोरगं उगीच दोन वर्षं जास्त डोसवर राहतं, हे मी जवळच्या दोन घरांत बघितलंय. आमचा ४०० वरून २०० आणि मग १०० वर आला. पण कमी करायची वेळ बघा, दिवाळीच्या आठ दिवस आधी किंवा गावाला लग्नाला जायच्या तोंडावर नाही.

जास्त डोसवर असलेल्या मुलाचा पंप झटक्यात बंद करणं तर धोक्याचं आहे, शरीराने स्वतःचं स्टेरॉइड बनवणं कमी केलेलं असतं, मग आजारपणात उलट्या, खूप थकवा, साखर कमी होणं असं होऊ शकतं.

एका कागदावर सगळी स्टेरॉइडं लिहून न्या: पंप, नाकातला स्प्रे, एक्झिमाचं, म्हणजे खाजऱ्या कातडीचं मलम, आणि गेल्या वर्षात गोळीचे किती कोर्स झाले, तारखांसकट. अटॅक आला तर वेगळ्याच डॉक्टरकडे जातो ना आपण, म्हणून कोर्स कोणीच मोजत नाही. वर्षात दोन-तीन झाले असतील तर सरळ म्हणा की हे कमी करायचा प्लॅन सांगा. आणि हो, त्या पुड्या. "साइड इफेक्ट नाही, एका महिन्यात दमा मुळापासून" म्हणून मिळणाऱ्या बिनलेबलच्या पुड्यांमधे स्टेरॉइड मिसळलेलं सापडतं, आणि तिथे किती मायक्रोग्रॅम हे देव पण सांगू शकत नाही.

कोणी "पंप नको, मॉन्टेल्युकास्टची गोळी चालते का" विचारतं. काही मुलांना देतात, पण एकटी ती बहुतेकदा पंपापेक्षा कमी पडते, आणि २०२० मधे अमेरिकेच्या एफडीएने, म्हणजे तिथल्या औषधांवर लक्ष ठेवणाऱ्या सरकारी संस्थेने, तिच्यावर मूड, झोप, वाईट स्वप्नं याबद्दल कडक इशारा टाकलाय. चालू असेल आणि मूल अचानक चिडकं, घाबरट झालं असेल तर डॉक्टरांना सांगा.

इंदूरचं कॅलेंडर

पंप जितका कमी हवा तितके ट्रिगर, म्हणजे दमा चाळवणाऱ्या गोष्टी, कमी करायला लागतात. गहू निघाला की शेतात नरवाई, म्हणजे मागे उरलेली धाटं, जाळतात, तो धूर शहरात येतो, तेव्हा संध्याकाळी खिडक्या बंद. रंगपंचमीला आता आम्ही गेर टीव्हीवर बघतो, पोहे-जलेबी खात. गणपतीत आरती करा पण धूप-अगरबत्तीऐवजी नुसतं निरांजन, बाप्पा रागवत नाहीत. डासांची कॉइल बंद, जाळी लावा. नोव्हेंबरात पेटीतून काढलेल्या रजया आणि गोधड्या तशाच पांघरायला देऊ नका, गाद्या कडक उन्हात घाला, उशीची खोळ दर आठवड्याला गरम पाण्यात. मिरचीची फोडणी देताना पोराला बाहेरच्या खोलीत पाठवा. घरात कोणी सिगारेट ओढत असेल तर गॅलरीत जाऊन ओढणं पुरेसं नाही, कपड्यांतून येतंच.

शरद पौर्णिमेला माळव्यात ठिकठिकाणी चांदण्यातल्या खिरीतून दम्याचं औषध देतात, आमच्या सासूबाईंची फार श्रद्धा. यावर मी भांडत नाही. तांदूळ-दुधाची साधी खीर घरी करून चांदण्यात ठेवतो, सगळे खातो, जडीबुटी काही घालत नाही, त्याला रात्रभर जागवत नाही, आणि पंप त्या रात्री पण होतो.

खाण्याचं तर विचारूच नका. दम्याच्या पोराचं आधी केळं बंद होतं, मग दही, मग भात, मग दूध "कफ होतो" म्हणून, आणि मग तीच माणसं म्हणतात वाढत का नाही. ज्या पदार्थाने खरंच दरवेळी त्रास झालेला दिसलाय तो सोडून सगळं द्या. दूध, दही, पनीर, डाळी, अंडं चालत असेल तर अंडं, पोह्यांवर मूठभर शेंगदाणे. उंचीच्या पावडरींवर पैसे घालवू नका, बारला लटकून पण हाडं लांब होत नाहीत, पण लटकू दे, खेळ होतो. खेळ बंद करू नका हे महत्त्वाचं, पळण्याने दम लागत असेल तर तो कंट्रोल कमी असल्याचा पुरावा आहे, डॉक्टरांना सांगायचं, ग्राउंडवरून उठवायचं नाही.

आठवीत सगळे उंच झाले आणि आपला राहिला

दमा बरीच वर्षं जोरात असलेली काही मुलं एक-दीड वर्ष उशिरा वयात येतात. म्हणजे बारा-तेराव्या वर्षी वर्गातली बाकीची पोरं वर्षाला आठ-नऊ सेंमीने सुटतात आणि आपलं मूल पाचावरच, तेव्हा फरक एकदम भयंकर दिसतो, आणि नेमकं तेव्हाच सगळे नातेवाईक पंपाकडे बोट दाखवतात. पण उशिरा सुरू होणारी वाढ उशिरापर्यंत चालते, हाडांची टोकं उशिरा बंद होतात, आणि बहुतेक मुलं आपल्या घराण्याच्या उंचीपर्यंत पोचतात. डाव्या हाताच्या मनगटाचा एक एक्सरे काढून हाडांचं वय बघतात, हाडं वयापेक्षा लहान असतील तर अजून वाढ शिल्लक आहे, साधं गणित. मुलीला तेराव्या वर्षापर्यंत आणि मुलाला चौदाव्यापर्यंत वयात यायची काहीच लक्षणं नसतील तर मात्र हार्मोनच्या, म्हणजे एंडोक्राइनच्या डॉक्टरांना दाखवा. पोराला "बुटक्या" म्हणणाऱ्या काकांना तिथल्या तिथे थांबवा, ते पण औषधच आहे.

माझा आता बाराचा आहे. १०० मायक्रोग्रॅमवर, गेल्या दोन वर्षांत गोळीचा एकही कोर्स नाही, पाडवा ते पाडवा ५.४ सेंमी. वर्गात अजून पुढच्याच रांगेत, पण चार्टवर स्वतःच्या रेषेवर.

एक शेवटची प्रॅक्टिकल गोष्ट, चौकटीवरच्या रेघा वहीत पण उतरवून ठेवा, फोटो काढून ठेवा. गेल्या दिवाळीत रंगकाम काढलं तेव्हा पेंटरभैयाने पॉलिशपेपर हातात घेतला, घासायलाच लागला होता, मी स्वयंपाकघरातून ओरडले, तेवढी एक पट्टी सोडा. तो म्हणाला, "मैडम, खराब दिखेगा." म्हटलं दिसू दे. खालच्या दोन रेघा गेल्याच, वरच्या सगळ्या आहेत.